बावन्न पत्ते, एक सुई

रविवार, ४ ऑगस्ट

सगळ्यात आधी गोदाच आली. आज गटारी, घरोघरी मटण शिजतंय, आणि ही बया आपलं पातेलं गॅसवर सोडून आमच्या ओट्यावर हजर! पदराखाली पत्ते. दाखवले नाहीत, तरी मला कळतं. पत्ते घेऊन येते तेव्हा गोदा डावा हात पोटाशी धरून चालते, कळ आल्यासारखी.

"चटई टाक गो मनू. उद्यापासून श्रावण. आज शेवटचं."

शेवटचं म्हणे! हिचं शेवटचं मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. तिच्या मागोमाग मागच्या बिल्डिंगमधली प्रमोदिनी आली, हातात कांदाभजीची पुडी. म्हणजे दोघींचं ठरलेलं.

मी म्हटलं, मी खेळणार नाय. दोघी अशा हसल्या! "गुरू केलास काय?" गोदा म्हणते. "आमच्याविना दुपार कशी काढशील गो?" भजीची पुडी माझ्या नाकाशी धरली प्रमोदिनीने. भजी घेतली. पत्ते नाही घेतले.

मी आत जाऊन खोबरं वाटायला बसले. त्या दोघी गोदाच्या पडवीत जाऊन बसल्या, भिंत एकच आमची. पिसण्याचा आवाज येऊ नये म्हणून मिक्सर लावला. वाटण इतकं बारीक झालं की सून म्हणाली, "आई, हे गाळून चहात टाकायचंय का?" तरी मधेच मिक्सर थांबला आणि पलीकडून गोदा ओरडली — "शो!" माझा हात असा उडाला!

पण नाही म्हटलं मी. आज नाही म्हटलं! म्हणून खूश होऊन लिहायला बसले. वही सुनेने दिली, मेघालीने. पतपेढीची आहे, वर गणपती. म्हणाली, हाताला चैन पडत नाही तर लिहा. मी चौथी शिकलेली, माझं अक्षर बघून कोंबडी पण हसेल. पण वाचणार कोण? मीच.

कारण लिहून ठेवते, म्हणजे जीव वळवळला की मागे बघता येईल.

मे महिन्यात कल्पीची प्राप्ती आली होती राहायला. कल्पी म्हणजे कल्पिता, माझी लेक, ठाण्याला माजिवड्याला टॉवरमध्ये असते, नोकरी करते. प्राप्ती यंदा चौथीत, म्हणजे माझ्याइतकी शिकलीच! दुपारी आमचा डाव बसायचा, पोर माझ्या मांडीला टेकून. "आजी, हे काय? आजी, राणी मोठी की राजा?" मी शिकवलं. मला काय ठाऊक! तीन पत्ती तिला एका दुपारीत आली. हातात काहीच नसताना असं तोंड करून बसली की गोदाने भिऊन पत्ते टाकले! मी किती हसले त्या दिवशी. गावभर सांगितलं.

शाळा सुरू झाल्यावर पोरीने शाळेच्या बसमध्ये डाव मांडला. आधी खोडरबरवर. मग शार्पनर. मग डब्याचे पैसे. मग कुठल्या तरी पोराचं घड्याळ जिंकली आणि त्याची आई शाळेत आली. कल्पीला बोलावलं सगळ्यांसमोर.

फोन आला मला. "आई, तुझ्या घरात जोवर पैशाचा डाव बसतो, तोवर माझी पोर तिथे पाऊल टाकणार नाही. गणपतीला नाही, गौरीला पण नाही."

गौरीला पण नाही! तेरड्याची गौर दारातून आत कोण आणते आमच्याकडे? प्राप्ती आणते. चालायला लागल्यापासून तीच आणते.

म्हणून.

सोमवार, ५ ऑगस्ट

श्रावण लागला. मासळी बंद आणि पत्तेही बंद. दोन्ही एकदम! माणसाने जगावं कसं?

बुधवार, ७ ऑगस्ट

मेघालीने मोबाइलवर बघून क्रोशा शिकवला. दोन दिवसांत मी एक गोल केला, तो गोल नाही, बटाट्यासारखा दिसतो. प्रणितने, माझ्या लेकाने, तो रिमोटखाली ठेवला. म्हणे, छान झालाय. खोटारडा.

मग कुंड्यांत अळू लावलं. अळू लावून झालं की काय करायचं? ते आपलं आपण वाढतं. त्याला बघत बसायचं? मी बसले. अळूने काही केलं नाही.

मग गोधडी काढली. एक टाका, दुसरा टाका, आणि भिंतीपलीकडे प्रमोदिनीचं हसू. बोटात सुई गेली.

दुपारी पुऱ्या केलेल्या. मी वाढत होते आपल्या नादात. प्रणित ताटाकडे बघतो, माझ्याकडे बघतो. मी तिघांना तीन-तीन पुऱ्या वाटलेल्या, एकेक करून, फिरवून, सगळ्या पालथ्या! प्रणित म्हणाला, "आई, बघून खाऊ का ब्लाइंड खेळू?" मेघालीला हसून हसून ठसका लागला. हे पण हसले. यांना कमी ऐकू येतं पण नको ते बरोबर ऐकू येतं.

मी पण हसले. पण नंतर मेघाली हळूच म्हणाली, "आई, दुपारी तुमचा डोळा लागतो ना, तेव्हा उजवा अंगठा चालत असतो तुमचा. पत्ते वाटल्यासारखा." हे मला माहीत नव्हतं. झोपेतसुद्धा!

शनिवार, १० ऑगस्ट

आज यांनी माळ्यावरून जाळं काढलं. धूळ इतकी की मांजर पळालं. खाडीत आता कुठे मासळी, चार घरं अजून होडी काढतात, त्यांचीच फाटकी जाळी हे शिवून देतात. पैसे नाही घेत. कोणी चिंबोऱ्या आणून देतं, कोणी नुसतं बसून बिडी ओढून जातं.

मी समोर बसून गुडघा हलवत होते. हे म्हणाले, "गुडघा हलवू नको, जमीन हलते. ये इकडं."

"मला काय येतंय जाळं?" माझं माहेर मोहन्याचं. नदी दारात, पण माझा बाप कंपनीत कामाला, भोंगा वाजला की निघायचा. आमच्या घरात डबा होता, जाळं नव्हतं. सासरी आले तेव्हा सासूने एकदा सुई दिली होती हातात आणि लगेच काढून घेतली. म्हणाली, तू भाकऱ्याच कर.

यांनी बांबूची सुई दिली. चपटी, मधे जीभ, तिच्यावर दोरा गुंडाळायचा. मापाच्या पट्टीवरून दोरा घ्यायचा, वरच्या घरातून सुई काढायची, अंगठ्याने दाबायचं, गाठ ओढायची. अंगठ्याने! अंगठ्याला काम मिळालं. मी ओळ पुरी केली आणि वर धरली. हे बघत राहिले.

"मच्छी नाय, म्हैस जाईल यातनं."

पण उसवलं नाही त्यांनी. म्हणाले, "खालची ओळ लहान घे." मी घेतली. भिंतीपलीकडे डाव चालू होता, मला मधेच आठवलं. म्हणजे त्याआधी आठवत नव्हता!

सोमवार, १२ ऑगस्ट

घट्ट ओढली की दोरा करकरतो. तो आवाज चांगला आहे.

बुधवार, १४ ऑगस्ट

दोरा आणायला मेघालीबरोबर कल्याणला गेलेले. यांचा दोरा मी संपवला, रात्रंदिवस नाही पण दिवसभर विणते ना. मला मासे पकडायचेत थोडेच. मी बाजाराच्या पिशव्या करणार, भाजीच्या. हे म्हणाले, पिशवीतनं बटाटे पडतील. मी म्हटलं, म्हैस नाही ना ठेवणार त्यात?

खोलीचं भाडं येतं आमच्याकडे, मागच्या खोलीचं. आधी ते थेट माझ्या डब्यात, आणि डबा थेट गोदाच्या पडवीत. आता भाडेकरूला सांगितलंय, मेघालीच्या हातात दे. मेघाली आधी नको म्हणाली, "आई, तुमचे पैसे मी कशाला? लोक काय म्हणतील, सून सासूचं घेते." मी म्हटलं, लोकांना सांग सासू सैल आहे हाताची. आता मला काय लागेल ते मी मागते, आणि कशाला ते सांगते. लाज वाटली पहिल्यांदा. पण सांगताना अर्ध्या गोष्टी नकोशा होतात हे खरं! परवा पैंजण घ्यायचे होते प्राप्तीला. सांगता सांगता आठवलं, मागचेच तिने घातले नाहीत.

तर कल्याण. बाजारात दोऱ्याचं रीळ घेतलं, भावात बोलले, दुकानदार म्हणतो, "आजी, होडी आहे का?" मी म्हटलं, होडी नाही, वेळ आहे. खूप हसला. एक लहान रीळ वरून दिलं.

परत येताना स्टेशनजवळ ते लॉटरीचं दुकान. पडद्यावर आकडे पळतात. मेघाली पुढे गेली आणि माझे पाय थांबले. खरंच, चिकटल्यासारखे. आत एक माणूस, शर्ट नीट इस्त्रीचा, पण एकाच पायात चप्पल. दुसरी बाकाखाली. त्याला पत्ताच नाही. आकड्यांकडे बघतोय.

रुमालात हात घातला तर येण्याचं रिक्षाभाडं. तेवढंच आणलेलं. नाहीतर मी आत होते, हे इथे लिहून ठेवते.

मेघाली मागे आली. माझी पिशवी घेतली आणि म्हणाली, "चला, सोलकढी पिऊ. माझ्याकडून."

सोमवार, १९ ऑगस्ट

नारळी पुनव. हे आणि प्रणित खाडीवर नारळ सोडून आले. आणि कल्पी आली! भावाला राखी बांधायला. एकटीच.

किती आनंद झाला मला तरी. बारीक झालीये. नारळीभात मी गुळाचा केला, तिला आवडतो तसा, पण चार घास खाऊन ताट सरकवलं. सारखा मोबाइल. ऑफिसचं काम, म्हणे. सुटीच्या दिवशी कसलं गं ऑफिस? मागच्या दारी जाऊन उभी राहायची मोबाइल घेऊन, परत यायची, परत जायची. गळ्यात ते छोटं मंगळसूत्र, खोट्या मण्यांचं. मी म्हटलं, मोठं कुठे? "लॉकरमध्ये. गाडीत चोऱ्या किती होतात." बरोबर आहे. मोठ्या वाट्या आहेत त्याच्या, यांनी दोन होड्यांच्या कमाईत घडवलेलं.

माझ्या पिशव्या दाखवल्या. एक निळी, एक पिवळी. तिने हातात घेऊन ताणून बघितली. म्हणाली, "आई, किती दिवस चालणार हे?"

"पिशवी? तुझ्या जन्माला पुरेल."

"पिशवी नाही गं."

मी पिशव्यांची घडी घातली.

मग विचारते कशी, "हात शिवशिवतात तेव्हा काय करतेस? म्हणजे अगदी राहवतच नाही, तेव्हा?" लेकीने आईला असं विचारावं? टोमणाच तो. मी पण तिच्याच आवाजात म्हटलं, "आधी पैसे दुसऱ्याच्या हातात देते. मग सुई घेते. मग तुझ्या पोरीचं तोंड आठवते. मग पण राहवलं नाही तर संडासात जाऊन बसते, तिथे गोदा येत नाही."

ती हसली नाही. मला वाटलं हसेल.

जाताना म्हणाली, "गौरीपर्यंत बघते. तोवर एकदा जरी बसलीस, तर नाही पाठवणार."

हो म्हटलं.

गुरुवार, २२ ऑगस्ट

आज काही नाही. खाजगी सांगते — आज फार वाटलं.

सोमवार, २६ ऑगस्ट

अष्टमी. खेळले.

मंगळवार, २७ ऑगस्ट

काल पुढे लिहिता आलं नाही. आज लिहिते.

अष्टमीला आमच्याकडे पत्ते खेळतातच. उपास असतो, कान्हाचा जन्म व्हायचा असतो, वेळ काढायचा असतो. गोदा म्हणाली, "अगो, आजच्या दिवशी तर देव पण बसतो खेळायला! आणि पैसे नाय, शेंगदाणे. उपासाला चालतात."

शेंगदाणे! मला वाटलं, शेंगदाण्याने काय होतंय. चटई टाकली. आमच्याच ओट्यावर. पत्ते हातात घेतले आणि काय सांगू, पाठ दुखायची थांबली. डोळ्यांवरची झापड गेली. प्रमोदिनी म्हणाली, बघा, राणीसाहेब आल्या!

मग प्रमोदिनी दाणे खाऊ लागली. डावातले! गोदा चिडली. "खातेस काय गो? पैसे असते तर खाल्ले असतेस?" आणि तिने एक नाणं टाकलं. चिडून टाकलेलं, खेळायचं म्हणून नाही. दुसरं प्रमोदिनीने टाकलं. माझ्याकडे नाणं नव्हतं, पैसे मेघालीकडे. मी काय केलं? देवासमोरच्या वाटीतलं नाणं आणलं. देव्हाऱ्यातलं! उठले कधी, आणलं कधी, मला कळलंच नाही.

आणि जिंकले. हरले असते तर बरं. डाव माझा, पुढचा पण माझा, त्याच्या पुढचा पण. गोदाची चिल्लर संपली, तिने नोट काढली. मी हसत होते, मोठमोठ्याने. मान वर केली तर हे दारात उभे. हातात माझी अर्धी झालेली नवी पिशवी. सुईवरचा दोरा संपला होता, तो गुंडाळत उभे राहिले. माझ्यासाठी.

मी पत्ते टाकले. सगळं गोदाच्या ओटीत ओतलं. "काय गो, जिंकलीस ना?" म्हणाली. मी नाणं धुतलं आणि वाटीत ठेवलं. देवाला काय, त्याने बघितलंच असेल.

दिवसभर जीव वळवळला. कल्पीला कोण सांगणार? कोणी नाही. प्रणितला माहीत नाही, मेघाली दुकानात गेलेली, हे कोणाला काही सांगत नाहीत. गौर चौदा दिवसांवर. गप्प बसले तर प्राप्ती येते. सांगितलं तर नाही येत.

संध्याकाळी फोन केला. म्हटलं, कल्पी, काल बसले. आधी शेंगदाण्यांवर, मग पैशावर. देवाच्या वाटीतला घेतला. जिंकले पण. आता तुला काय करायचं ते कर.

मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "कोणी बघितलं तुला?"

"तुझ्या बाबांनी. ते सांगणार नव्हते."

"मग तू का सांगितलंस?"

"मग काय लपवून ठेवू? आणि परत कोणी विचारलं की आणखी एक लपवू?"

श्वास ऐकू येत होता तिचा. मग "बरं" म्हणाली आणि ठेवला.

बरं म्हणजे काय?

बुधवार, २८ ऑगस्ट

गोदा आली. हात पोटाशी नाही, दोन्ही मोकळे. म्हणाली, "तुझ्याविना डावाला मजा नाय. आणि तुझ्याबरोबर खेळलं तर तू रडतेस. करायचं काय मी?" बसली माझ्यासमोर, दोरा धरायला. तोंड चालू होतं, पण दोरा नीट धरला.

शुक्रवार, ३० ऑगस्ट

कल्पीचा निरोप प्रणितच्या मोबाइलवर. प्रणितने वाचून दाखवला, मी परत वाचायला लावला, मग माझ्या डोळ्यांनी वाचला — "प्राप्तीला गौरीला पाठवतेय. आईला सांग."

पाठवतेय! खेळले हे सांगूनसुद्धा! मला काही समजलं नाही. समजून काय करायचंय? ओटा धुतला, वाल भिजत घातले, शेजारच्यांना उगाच साखर वाटली. प्रमोदिनी विचारते, "मनुबाई, नात झाली का?" म्हटलं, पुन्हा झाली!

शनिवार, ७ सप्टेंबर

गणपती आले. पोरांनी जागरणाला पत्ते काढले तसं प्रणितने सांगितलं, "आमच्या ओट्यावर यंदा कॅरम." त्या पोरांतल्या काळुरामने तोंड वाकडं केलं, म्हणाला, गणपतीत पत्ते नाय म्हणजे लग्नात बँड नाय. मी म्हटलं, बँड तू वाजव. कॅरमला मात्र गर्दी झाली. मी पिशवी घेऊन लवकर झोपले, म्हणजे उशाशी घेऊन.

मंगळवार, १० सप्टेंबर

प्राप्ती!

उंच झालीये. पुढचा दात पुरा आलाय. प्रणित जाऊन घेऊन आला. रिक्षातून उतरली आणि अशी धावली की माझा चष्मा पडला. तेरड्याची गौर तिच्या हातात दिली. मी चुन्याची पावलं काढली दारापासून, ती त्यावर पाय ठेवत आली. "गौर आली." "कशाच्या पावलांनी?" "सोन्यामोत्याच्या पावलांनी." सगळं पाठ आहे पोरीला. मी रडले, मग हसले, मग मेघाली ओरडली की वालाचं बिरडं लागतंय.

दुपारी माझ्या मांडीला टेकून बसली, पूर्वीसारखी. मी विणत होते. "आजी, तू खरंच सोडलंस?" मी सांगितलं अष्टमीचं. सगळं. ती म्हणाली, "मी पण सोडलं. बसमध्ये आता कोणी माझ्याशी खेळतच नाही, काहीच." बिचारी. तिला सुई दिली. पटकन आलं! पत्ते आले होते तसंच. कुठल्याही गोष्टीला पोरीचा हात लगेच बसतो, हेच वाईट आणि हेच चांगलं.

विणता विणता म्हणाली, "आईच्या मोबाइलमध्ये पण पत्ते आहेत. वाजतात. पण समोर कोणीच नसतं, आई एकटीच खेळते. बाथरूममध्ये पण."

म्हटलं, मोबाइलमधले पत्ते म्हणजे पोरखेळ गो, त्यात समोर माणूस नाही, तर गंमत कसली? तिलाही पटलं.

बुधवार, ११ सप्टेंबर

गौरीचं जेवण. कल्पीने रजा काढली, सकाळीच आली! घर भरलं. मेघालीने वड्या केल्या, मी चिंबोऱ्यांचं कालवण केलं गौरीला, आमच्या गौरीला तिखट लागतं. प्रणितने चिंबोरीचा आंगडा, म्हणजे मोठी नांगी, प्राप्तीच्या वेणीला लावला, ती किंचाळत गावभर. मला इतकं हसू आलं की नैवेद्य दाखवताना घंटी वाजवायची विसरले.

प्राप्तीने केलेली ओळ कल्पीला दाखवली. "बघ, तुझ्या पोरीची ओळ. म्हैस पण नाही जायची यातून, मासोळी पण नाही." कल्पी म्हणाली, छान. हातात घेऊन बसली कितीतरी वेळ. जेवली नीट नाही आजही. मोबाइल पदरात, सारखा चाचपते.

उद्या गौर जाणार. मला सहन नाही होत गौर गेलेली. पण किती आनंद झाला यंदा, किती आनंद!

गुरुवार, १२ सप्टेंबर

गौर गेली. सगळे खाडीवर गेलेले, कल्पी डोकं दुखतं म्हणून घरी, मी तिच्याजवळ. चटईवर तिचा डोळा लागला. मोबाइल लांब, चार्जिंगला. आणि तिचा उजवा अंगठा चालत होता. हवेत. वर, खाली, वर, थांबून परत वर. मी बघत बसले. मला कोणी सांगायची गरज नव्हती.

जागी झाली तर मी अंगठा धरून बसलेली. म्हणाली, "आई, तुझ्याकडे गोदामावशी तरी यायची. माझ्याकडे कोणी येत नाही गं. तो उशाशीच असतो." मोठं मंगळसूत्र लॉकरमध्ये नाही. मी पुढचं विचारलं नाही.

मंगळवारी परत येते म्हणाली. पगाराचं कार्ड घेऊन, मेघालीच्या हातात द्यायला. यांना म्हटलं, आणखी एक सुई तासा. कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही. बांबू घेऊन ओट्यावर बसले.